अॅपचं नाव सांगून भागत नाही, पत्ता द्या
महाराष्ट्र शासनाच्या कृषी, महसूल आणि माहिती तंत्रज्ञान विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, कृषी विभाग, महसूल विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन
प्रत: विदर्भातील सर्व जिल्हाधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी

विषय: शासकीय अॅप प्ले स्टोअरवर सापडत नसल्याबाबत

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांत मोबाइल दुरुस्तीची दुकानं आणि सेवा केंद्रं चालवणारी आम्ही माणसं आहोत. कास्तकारांच्या फोनमध्ये अॅप टाकून देणं, चुकीचं अॅप काढणं, अडलेली नोंदणी पुढे सरकवणं हे आमचं रोजचं काम. आमची मागणी आधीच सांगतो, कारणं मागाहून: शासनाने अॅपचं नुसतं नाव जाहीर करणं थांबवावं आणि त्याचा नेमका पत्ता द्यावा. लिंक, प्रकाशकाचं नाव, चिन्हाचं चित्र आणि शेवटच्या बदलाची तारीख, ही चारही माहिती एकाच जागी.

आता हे निकडीचं आहे, कारण अॅप ही सोय होती ती अट झाली. ई-पीक पाहणी, म्हणजे अॅपवरून पिकाची नोंद, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत कुठेही गाडी अडते. पीएम किसानची ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, चेहरा दाखवून करता येते, पण त्यासाठी दोन अॅप लागतात: एक योजनेचं आणि दुसरं आधारचं ‘फेस-आरडी’. हे दुसरं स्वतःहून उघडत नाही, पहिल्याने बोलावलं की मागे चालतं. टाकल्यावर ‘उघडा’ हे बटण दिसत नाही म्हणून लोक ते बिघडलं समजून काढून टाकतात, आणि मग चेहरा घेतलाच जात नाही. एवढी एक ओळ सूचनेत छापली तरी बऱ्याच फेऱ्या वाचतील.

कापसाचं उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर आधारसह नोंदणी बंधनकारक झाली. हमीभाव होता मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. खेडा खरेदीत व्यापारी क्विंटलमागे हजार रुपये कमी देत असेल, तर वीस क्विंटल कापूस असलेल्या घराचे वीस हजार जातात. योग्य अॅप वेळेवर फोनमध्ये आलं की नाही यावर एवढी रक्कम अवलंबून असते. मारेगाव, झरी जामणी, घाटंजी भागातल्या कोरडवाहू कास्तकारासाठी तो पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचा पैसा आहे.

आता शोधणाऱ्याला काय दिसतं ते पाहा. प्ले स्टोअरमध्ये ‘सातबारा उतारा’ टाका. वरच्या ओळीवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं आढळलं तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे. तिथलं अॅप शासनाचं असेलच असं नाही. त्याखाली रांगेने येतात ती सातबारा, आठ-अ, फेरफार अशी नावं लावलेली खासगी अॅप. यातली बरीचशी आतून रिकामी असतात. उघडली की शासनाचं भूलेख हेच संकेतस्थळ आत दाखवतात आणि वर-खाली जाहिराती लावतात. उतारा मिळतो, पण प्रत्येक टप्प्याला एक जाहिरात बंद करावी लागते, बंद करण्याची फुली बारीक असते, आणि बोट चुकलं की तिसरंच अॅप डाउनलोड व्हायला लागतं. फोन घेऊन लोक आमच्याकडे येतात त्यातल्या कितीतरींची तक्रार ‘स्क्रीनवर सारखी जाहिरात येते’ एवढीच असते, आणि मूळ अशाच एखाद्या अॅपात सापडतं. खरं तर विनास्वाक्षरीचा सातबारा भूलेख महाभूमीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत निघतो. दोन्हीला ब्राउझर पुरतो, अॅपची गरजच नाही.

गुगलच्या धोरणाप्रमाणे शासकीय माहिती देणाऱ्या खासगी अॅपला माहितीचा स्रोत द्यावा लागतो आणि आपण शासनाचे प्रतिनिधी नाही हे स्पष्ट लिहावं लागतं. पुष्कळ अॅप ते लिहितातही. पण ते असतं वर्णनाच्या तळाशी, इंग्रजीत, आणि चिन्हावर मात्र राजमुद्रेसारखं काहीतरी किंवा शेतकऱ्याचा फेटा. घाईत असलेला माणूस चिन्ह बघतो आणि बटण दाबतो.

खरं अॅप मागे का पडतं याची कारणं तांत्रिक आहेत आणि ती दूर करता येतात. यादीत वर कोण येईल हे ठरवताना स्टोअर अॅपचं नाव आणि वर्णन, डाउनलोड, तारे, लोक ते ठेवतात की काढतात, आणि ते किती वेळा बंद पडतं हे सगळं बघतं. नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००. खासगी अॅपवाला ही जागा पुरेपूर वापरतो. शासकीय अॅपचं नाव बहुधा इंग्रजी असतं, वर्णन दोन ओळींत आटोपलेलं असतं आणि स्क्रीनची चित्रंही इंग्रजीच. पीकविम्याच्या केंद्रीय अॅपचं नाव इंग्रजीत नुसतं ‘क्रॉप इन्शुरन्स’ आहे. इतकं सर्वसाधारण नाव शोधल्यावर विमा विकणाऱ्या कंपन्यांच्या गर्दीत ते ओळखायचं कशावरून? स्टोअरवर मराठी नाव, मराठी वर्णन आणि मराठी चित्रं वेगळी भरण्याची सोय आहे. ती भरायला एक दिवस पुरतो.

बंद पडण्याचंही तसंच. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांचं अॅप कोसळलं, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांचं गोठलं, तर गुगल त्या अॅपला यादीत खाली ढकलू शकतं. नोंदणीच्या शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हरवर ताण येतो. नीट न लिहिलेलं अॅप सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत तिथंच गोठतं, लोक चिडून एक तारा देतात आणि काढून टाकतात. म्हणजे मुदत अपुरी आणि सर्व्हर अशक्त, याचा फटका पुढच्या हंगामात खरं अॅप शोधणाऱ्यालाही बसतो.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्टोअरवर अॅपची नवी नोंद केल्यामुळे. प्ले स्टोअरवर प्रत्येक अॅपला एक न बदलणारं ओळखनाव असतं. लिंकमध्ये ‘आयडी’ या शब्दानंतर दिसतं ते. ते बदललं की स्टोअरच्या लेखी ते वेगळंच अॅप. जुने डाउनलोड, तारे, शेरे सगळे मागे राहतात आणि नवं अॅप शून्यापासून उभं राहतं. जुनं हटवलं नाही तर दोन्ही एकाच नावाने शेजारी शेजारी दिसतात, आणि जुन्याचे डाउनलोड लाखांत असल्याने लोक तेच घेतात. त्यात माहिती भरली जाते, पण पुढे पोहोचत नाही. ई-पीक पाहणीच्या नावापुढे आता ‘डीसीएस’ (डिजिटल क्रॉप सर्व्हे) ही अक्षरं आहेत. ती का आहेत आणि कोणतं घ्यायचं हे आमच्यासारख्यांना ठाऊक असतं, वावरात धुऱ्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला ते कोण सांगणार?

नवी नोंद बहुतेक वेळा ठेकेदार बदलला म्हणून करावी लागते, आणि ती टाळता येते. अॅपवर सही करणारी एक किल्ली असते. ती जुन्या ठेकेदाराकडे राहिली तर नव्याला त्याच अॅपची पुढची आवृत्ती काढता येत नाही. ऑगस्ट २०२१ पासून स्टोअरवर येणाऱ्या नव्या अॅपची मुख्य किल्ली गुगलकडे राहते, आणि ठेकेदाराकडची अपलोड किल्ली हरवली तरी खातेदाराला ती बदलून मिळते. अॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवलं तरी तारे, शेरे आणि डाउनलोड शाबूत राहतात. म्हणून निविदेत एवढं घाला: प्रकाशक खातं विभागाच्या नावाचं असेल, त्याचा ई-मेल शासकीय असेल, ओळखनाव बदलणार नाही, आणि करार संपताना सगळे हक्क विभागाकडे सुपूर्द झाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. प्रकाशकाच्या जागी एखाद्या खासगी कंपनीचं नाव दिसलं की खऱ्या-खोट्याची पारख करणं आम्हालाही अवघड जातं.

नव्या आवृत्तीबद्दलही सांगायला हवं. प्ले स्टोअर मूळ सेटिंगमध्ये अॅप आपोआप अपडेट करतं ते मुख्यतः वाय-फायवर. गावात वाय-फाय किती घरी असतं? त्यामुळे अॅप जुनंच राहतं आणि मुदतीच्या दिवशी ‘नवीन आवृत्ती घ्या’ असं म्हणून अडून बसतं. तेव्हा फोनमध्ये जागा नसते. ३२ जीबीच्या फोनमध्ये निम्मी जागा सिस्टीम खाते, उरलेली व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ. अपडेटला अॅपच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागा तात्पुरती लागते, म्हणून ४० एमबीचं अॅपही अडतं. आम्ही व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमधून स्टोरेज मॅनेज करा या ठिकाणी जाऊन मोठे व्हिडिओ काढतो, मग प्ले स्टोअरचा कॅशे (तात्पुरता साठा) साफ करतो. तरी अपडेटचं बटण दिसलं नाही तर अॅप काढून पुन्हा टाकतो. पण शेवटच्या उपायात एक धोका आहे. नेटवर्क नसताना वावरात साठवलेली आणि अजून अपलोड न झालेली पाहणी अॅप काढताच पुसली जाते. मेळघाटात आणि भामरागडकडे हे फार महागात पडतं. तेव्हा नवी आवृत्ती मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी यावी, जुन्या आवृत्तीतून अपलोड चालू राहावं, आणि अॅप अँड्रॉइड ८ वर चालावं. ‘तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ असा निरोप आला की कास्तकार शेजाऱ्याचा फोन मागतो, ओटीपी एका फोनवर आणि अॅप दुसऱ्यावर, आणि तिथून नवीन भानगडी सुरू होतात.

आम्ही अॅप कसं पारखतो ते इथे सविस्तर लिहितो. आपल्या कृषी सहायकांना आणि तलाठ्यांनाही ते उपयोगी पडेल. शोधातून अॅप घ्यायचंच नाही, हा पहिला नियम. आधी विभागाचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडायचं; पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन हवं. ‘गव्ह’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये आडवी रेघ असेल आणि शेवटी डॉट कॉम असेल तर ते फसवं समजायचं. त्या संकेतस्थळावरच्या प्ले स्टोअरच्या चिन्हावरून अॅपपर्यंत जायचं. तिथे नावाखालचं प्रकाशकाचं नाव वाचायचं आणि त्यावर बोट ठेवायचं: त्याच प्रकाशकाची बाकीची अॅप दिसतात. बाकी सगळी शासकीय असली तर भरवसा वाढतो. वॉलपेपर, रिंगटोन आणि कर्जाची अॅप निघाली तर मागे फिरायचं. मग ‘या अॅपविषयी’ उघडून तळापर्यंत जायचं. तिथे आवृत्ती, शेवटच्या अपडेटची तारीख, पहिल्या प्रकाशनाची तारीख आणि डाउनलोड दिसतात. चार वर्षं जुन्या योजनेचं अॅप मागच्याच महिन्यात पहिल्यांदा आलेलं असेल तर थांबून विचारपूस करायची. गुगलने २०२४ मध्ये शासकीय अॅपला ‘गव्हर्नमेंट’ असा बिल्ला द्यायला सुरुवात केली आणि त्या देशांत भारत आहे. आपल्या प्रत्येक अॅपला हा बिल्ला मिळवून घ्या. त्यासाठी अर्ज विभागानेच करायचा आहे.

परवानग्या बघितल्या की अॅपचा हेतू कळतो. हवामानाच्या अॅपला ठिकाण लागतं, पीक पाहणीला ठिकाण आणि कॅमेरा. बाजारभावाच्या अॅपला तर काहीच लागत नाही. भाव दाखवणारं अॅप संपर्कयादी, एसएमएस किंवा कॉलची परवानगी मागत असेल तर ते काढायचं, त्यावर चर्चा नको.

ताऱ्यांवर जाऊ नये. जाहिरातींच्या सातबारा अॅपला चार-साडेचार तारे असतात आणि खऱ्या शासकीय अॅपला अडीच, कारण खऱ्या अॅपचे तारे शेवटच्या दिवशीच्या संतापातून पडतात. शेरे ‘सर्वात अलीकडील’ या क्रमाने लावायचे आणि गेल्या महिन्याचे वाचायचे. ‘ओटीपी येत नाही’, ‘गट नंबर दिसत नाही’ असे नेमके शेरे असले तर अॅप खरं वापरात आहे. ‘छान’, ‘नाइस’, ‘बेस्ट अॅप’ अशांचीच रास असली तर त्यावरून काही ठरवू नये.

पीकसल्ल्याच्या अॅपबद्दल आम्हाला मनापासून काळजी वाटते, कारण इथे चुकीचा सल्ला अंगावर येतो. पानाचा फोटो काढा आणि औषध जाणून घ्या, असं सांगणारी अनेक अॅप आहेत. सगळी वाईट नाहीत. पण ज्या अॅपात सल्ल्याखालीच ‘खरेदी करा’ असं बटण असतं, त्याचं उत्पन्न सल्ल्यावर नाही, विक्रीवर चालतं. पारखायला एक सोपा प्रश्न आहे. गुलाबी बोंडअळीबद्दल विचारा. कामगंध सापळ्यात (नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या) सलग तीन रात्री रोज आठ पतंग, किंवा दहा टक्के फुलं-हिरव्या बोंडांत प्रादुर्भाव, ही फवारणीची आर्थिक नुकसानपातळी आहे, म्हणजे त्याआधी फवारणी परवडत नाही. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे लागतात. चांगलं अॅप आधी सापळ्यातले पतंग मोजायला सांगेल, वीस बोंडं तोडून फोडून बघायला सांगेल, आणि मग औषध सुचवेल. जे अॅप एका फोटोवरून थेट दोन औषधांचं मिश्रण सांगतं ते फोनमध्ये ठेवू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या भागात कोणी विसरलेलं नाही. औषधाचं नाव सांगणाऱ्या प्रत्येक अॅपने त्या पिकासाठीची शिफारस, पंपाला मात्रा, डब्यावरचा विषारीपणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी, हे दाखवलंच पाहिजे.

चांगली अॅप नाहीत असं नाही, ती पोहोचत नाहीत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीबद्दल, यांच्याइतकं या मातीतलं ज्ञान दुसरीकडे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडतेय का ते दाखवतं. मृग लागल्यापासून वावरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं. ‘मेघदूत’ दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय हवामान आणि पीकसल्ला देतं, मराठीतही. कृषी विभागाचं स्वतःचं ‘महाविस्तार’ २०२५ मध्ये आलं. पण स्टोअरमध्ये ‘हवामान’ किंवा ‘पाऊस’ टाकणाऱ्याला यांचं नाव आधीच माहीत नसेल तर जाहिरातींच्या अॅपमधून वाट काढत इथपर्यंत यावं लागतं.

फोन कंपन्यांची स्वतःची दुकानंही लक्षात घ्या. शाओमी, ओप्पो, रियलमी, विवो, सॅमसंगच्या फोनमध्ये प्ले स्टोअरशिवाय त्यांचं दुसरं अॅप-दुकान आधीपासून असतं. ते ‘लोकप्रिय अॅप’ म्हणून सूचना पाठवतं आणि त्यावर बोट लावलं की अॅप फोनमध्ये उतरवतं. शासकीय अॅप तिथून घेऊ नये, हेही फलकावर हवं.

यानंतर सगळ्यात घातक प्रकार. शासनाने नाव जाहीर केलं आणि लिंक दिली नाही, की ती जागा व्हॉट्सअॅप भरून काढतं. ‘पीएम किसान’, ‘लाडकी बहीण’, ‘आरटीओ चलान’ अशा नावांच्या एपीके फाइली, म्हणजे स्टोअरबाहेरून अॅप टाकायच्या फाइली, गावच्या गटांत फिरतात. फाइलवर बोट ठेवलं की फोन ‘या स्रोतातून अॅप घेण्याची परवानगी’ मागतो. प्ले प्रोटेक्ट ही गुगलची सुरक्षा-तपासणी अडवते, तर पाठवणारा फोन करून ते बंद करायला सांगतो. अँड्रॉइड १३ पासून अशा अॅपला अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचण्याची आणि बटणं दाबण्याची, परवानगी सहज मिळत नाही, म्हणून ‘प्रतिबंधित सेटिंग्जना अनुमती द्या’ हेही तोच सांगतो. मग एसएमएस वाचण्याची परवानगी जाते, चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जायला लागतात. खातं रिकामं होतं आणि कास्तकाराच्या फोनवर एक निरोपही दिसत नाही.

असा फोन समोर आला की क्रम चुकवायचा नाही. आधी विमान मोड. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता राहते. त्यानंतर सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अॅडमिन या दोन्ही ठिकाणी त्या अॅपचा अधिकार काढायचा, कारण तो असेपर्यंत अॅप काढता येत नाही. नाहीच निघालं तर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली अॅप बंद ठेवून) सुरू करून काढायचं. सिम चालू केल्यावर *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघायचं, वळवले असतील तर ##००२# ने रद्द करायचं. यूपीआय पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे. निरोप आणि फाइल पुसण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, नाहीतर पोलिसांत दाखवायला काहीच उरत नाही.

म्हणून विनंती आहे की कोणत्याही कार्यालयाने, चाचणीसाठीसुद्धा, एपीके फाइल गटावर टाकू नये. एकदा कृषी सहायकाने पाठवलेली फाइल चालली की दुसऱ्यांदा चोराने पाठवलेलीही चालते. चाचणीसाठी प्ले स्टोअरवरच शंभर जणांपर्यंतची अंतर्गत सोय आहे.

कर्जाच्या अॅपबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांच्या डिजिटल कर्ज अॅपची यादी आपल्या संकेतस्थळावर खुली केली आहे. पेरणीच्या तोंडावर ती यादी बघण्याची रीत ग्रामसभेत सांगितली जावी.

आता फलकाचं काम, कारण पत्ता द्यायचा तो तिथेच. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती आणि रेशन दुकान या चार ठिकाणी क्यूआर कोड लावा. स्कॅन करणारा जितका दूर उभा राहील त्याच्या दहावा भाग कोडची बाजू हवी: एक मीटरवरून दहा सेंटिमीटर. काळा कोड, पांढरी जागा, चारही बाजूंना मोकळा पट्टा, आणि चकाकणारं लॅमिनेशन नको, उन्हात कॅमेरा वाचत नाही. कोड थेट प्ले स्टोअरवर न नेता विभागाच्या डॉट गव्ह डॉट इन पानावर न्यावा. लिंक बदलली तरी फलक तोच राहतो, आणि कोणी वरून दुसरा कोड चिकटवला तर पत्ता बघून ओळखता येतं. कोडशेजारी अॅपचं रंगीत चिन्ह आणि प्रकाशकाचं नाव जसंच्या तसं छापा. शासन निर्णयात आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतही हेच द्या.

त्याच पानावर दोन याद्या ठेवा: चालू अॅपची आणि बंद झालेल्यांची. दुसरी यादी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ अॅपवरून भरले गेले, नंतर काम संकेतस्थळावर गेलं. असा बदल होतो तेव्हा जुनं अॅप आता कामाचं नाही हे शासनाच्या पानावर लिहिलेलं हवं, म्हणजे आम्हाला ते दाखवून माणसाची समजूत घालता येते.

तोतया अॅपचा पाठलागही विभागालाच करावा लागेल. ‘अनुचित म्हणून कळवा’ हे बटण आम्ही दाबू शकतो, पण नाव आणि मुद्रा ज्याची आहे त्याने दिलेल्या अर्जाचं वजन वेगळं असतं. राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ चा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याने आठवड्यातून एकदा, लोक खरोखर टाकतात त्या शब्दांनी शोध घेऊन, वर येणारी पहिली दहा अॅप तपासावीत. लोक ‘ई-पीक पाहणी’ असं शुद्ध टाकत नाहीत. ‘इपिक पहाणी’, ‘ई पिक पेरा’, ‘पिक पाणी नोंद’, ‘पेरा लावणे’ असं टाकतात, नाहीतर माइक दाबून बोलतात. हेच शब्द खऱ्या अॅपच्या मराठी वर्णनातही वाक्यांत गुंफून घाला. शब्दांची नुसती रास घातली तर गुगलचा नियम मोडतो.

आणि नवं अॅप काढण्याआधी एकदा विचारा की नुसत्या पानाने भागेल का. पीक पाहणीला ठिकाण, फोटो आणि नेटवर्कशिवाय साठवण लागते, तिथे अॅप हवंच. अर्जाची स्थिती बघायला, यादीत नाव शोधायला ब्राउझरमधलं साधं पान पुरतं. त्याला जागा लागत नाही, अपडेट लागत नाही, आणि त्याची नक्कल प्ले स्टोअरच्या गर्दीत उभी राहत नाही.

गावातले लोक स्टोअरमध्ये जे शब्द टाकतात त्यांची पिकानुसार आणि योजनेनुसार यादी आम्ही तयार ठेवली आहे, आणि सध्या स्टोअरवर दिसणाऱ्या सारख्या नावांच्या अॅपचीही. प्रत्येक जिल्ह्यात ती कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर द्यायची, तेवढं कळवावं. खरिपाची नोंदणी सुरू होण्याआधी कळलं तर याच हंगामात तिचा उपयोग होईल.

आपले,
यवतमाळ, वाशीम व अमरावती जिल्ह्यांतील मोबाइल दुकानदार आणि सेवा केंद्रचालक